बिनआवाजी रायफल

मागच्या वर्षी माझ्या जुन्या एअर रायफलचा नेम चुकला आणि जखमी ससा मागचे पाय ओढत बिळात शिरला. ते काही केल्या मनातून जाईना. म्हणून यंदा, जिच्यात हवा आधीच दाबून भरून ठेवतात, तसली नवी रायफल घ्यायला गेलो.

"या प्रकारची पहिलीच ना? मग ताकदीच्या मागे लागू नका," दुकानदार म्हणाला. "अचूक आणि बिनआवाजी घ्या. बिचाऱ्याला कळायच्या आत संपलं पाहिजे."

रविवारी संध्याकाळी वेल्सच्या डोंगरात, नेरिसताईच्या शेताच्या कुंपणाआड आडवा पडलो. तिचा निम्मा कोबी सशांनी फस्त केला होता. चाप ओढला. समोरचा ससा जागच्या जागी कलंडला. धडपड नाही, काही नाही.

"शाब्बास, गेथिन!" ताई मागून कुजबुजली. "आता तो दुसरा."

दुसरा ससा उड्या मारत पहिल्याजवळ आला आणि त्याचा कान चाटायला लागला. माझं बोट चापावरून निघालं.

"अरे, वाट कसली बघतोस? पळेल ना तो!"



"नाही पळणार, ताई. पहिला निजलाय असं वाटतंय त्याला."