गॅलरीचं तिकीट

"सव्वा रुपयात काय दिसनार गं?" धोंडूबाईनं विचारलं आणि पांढरं तिकीट पारूबाईच्या उशाशी ठेवलं.

शेजारची धोंडूबाई आत्ताच कर्जतचा बाजार करून कडावला परतली होती. पारूबाईच्याच सांगण्यावरून तिनं दहिवलीच्या माळावरून सर्कशीच्या उद्याच्या तीनच्या खेळाचं तिकीट काढून आणलं होतं, आणि आता त्याचीच नालस्ती करत होती. गॅलरी म्हणजे बांबूंवर टाकलेल्या फळ्या, तंबूच्या पार टोकाला. तिथून हत्ती बकरीएवढा आणि माणूस बोटाएवढा. वर दारावर तिकीट अर्धं फाडून घेतात ते वेगळंच. खरी मजा पुढच्या खुर्चीत. तिचा भाऊ सर्कशीच्या हत्तींना गवत पुरवत होता. त्यानं खुर्चीचा गुलाबी पास मागितला, तर त्याला हाकलून दिलं. तो पास फक्त खेळ करणाऱ्यांच्या घरच्या माणसांना, असा तिथला कायदा. चार पेंढ्या गवतावर भावाला पहिल्या रांगेचा मान हवा होता.

पारूबाईला हत्तीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तारेवर चालणारा पोरगा हवा होता. दुकानाच्या भिंतीवर लावलेल्या जाहिरातीत तो होता, हातात छत्री, चेहरा मात्र शाई फासल्यासारखा. तिचा सहदेव असाच विहिरीवर दोर बांधून चालायचा. एकदा पडला, तेव्हा डाव्या भुवईवर वण राहिला. तरी ऐकेना, म्हणून एक दिवस बापानं, श्रीपतनं, त्याला आसुडानं झोडपलं. सोळा वर्षांचा पोर त्याच दिवशी निघून गेला. दोरीवर नाचणारा माझा कोणी नाही, असं श्रीपत म्हणाला. या गोष्टीला आठ वर्षं झाली होती.

तेव्हापासून नव्या भाताचे पोहे कांडले की पारूबाई सहदेवचा वाटा एका मडक्यात काढून ठेवी. होळीपर्यंत वाट बघे, मग पाखरांना घाली.

ती स्वतःच गेली असती. पण बांधावरून घसरून पाय मोडला होता, प्लास्टर गुडघ्याच्या वर गेलं होतं. म्हणून तिनं नवऱ्यापुढे पदर पसरला. श्रीपतनं विडी पेटवली. पैसे पाण्यात गेले, म्हणाला. मग म्हणाला, जातो. पारूबाईचे डोळेच भरून आले. उशिरा का होईना, बापाचं काळीज पाझरलं होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यानं खुंटीवरचा काळा कोट चढवला. बाजाराला आणि लग्नाला मिळून तो एकच कोट. त्याचा खिसा एसटीच्या जुन्या तिकिटांनी फुगलेला असे. कागदाचा चिटोरा टाकणं श्रीपतच्या जिवावर येई, चूल पेटवायला होतो म्हणायचा. पारूबाईनं मडक्यातले पोहे रुमालात बांधून दिले.

"गावला तर द्या त्याला. नाय तर परत आना."

"बरं."

"आन् नीट बघा. डाव्या भिवईवर वण हाय."

दिवेलागणीला तो परतला. केसांत लाकडाचा भुसा होता. हातपाय धुऊन तिच्याजवळ बसला आणि वर्षभरात बोलत नसे तेवढं एका दमात बोलला. सिंह जांभई देतो तेव्हा कसला वास येतो, विदूषकाच्या विजारीला कुठं ठिगळ आहे, म्हाताऱ्या हत्तिणीच्या डोळ्यांतून पाणी कसं गळतं. आळीतली माणसं दारात गोळा झाली. धोंडूबाई तर पोट धरून हसली. सव्वा रुपया वसूल झाला, हे तिनंच कबूल केलं.

सगळे पांगल्यावर पारूबाईनं हळूच विचारलं, "आन् तारेवरचा?"

"मद्रासकडचा हाय कुनी. वण नाय."

"नक्की?"

"चांगला निरखून बघितला."

"पोहे?"

"भूक लागली. मीच खाल्ले."

तिनं मान हलवली. श्रीपतनं तिच्या प्लास्टरवर हात ठेवला. "पारू, आता नको वाट बघू. तो नाय यायचा." इतक्या मायेनं तो कधी बोलला नव्हता. ती पोटभर रडली आणि त्यानं तिला रडू दिलं. पोर गेला होता, पण नवरा परत मिळाला, असं तिला त्या दिवशी वाटलं.

सकाळी तिनं ते रिकामं मडकं धोंडूबाईच्या नातवंडांना खेळायला देऊन टाकलं. सर्कस दहिवलीत आणखी चार दिवस होती. धोंडूबाई म्हणाली, गाडीत घालून नेते तुला, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पारूबाईनं नको म्हटलं. आता नव्यानं काय बघायचं होतं?

महिन्यानं प्लास्टर निघालं. सर्कस तोवर घाट चढून गेली होती, पुढे कुठं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. इतके दिवस धोंडूबाईकडून भाकरी येत होती. आज पारूबाई पहिल्यांदा आपल्या पायानं चुलीपुढे गेली. सरपण दमट होतं. कोट खुंटीला होता. सवयीनं तिनं त्याच्या खिशात हात घातला आणि एसटीची मूठभर तिकिटं चुलीत सारली.

त्यांतलं एक पांढरं होतं. तिनं ते चटकन ओढून घेतलं. रात्रभर उशाशी होतं, ओळखायला वेळ लागला नाही. ते अख्खं होतं. कोणी फाडलंच नव्हतं.

म्हणजे हा माणूस तंबूच्या आत गेलाच नव्हता. सिंह, विदूषक, हत्तीण, सगळं बाजारात ऐकून आला आणि तिला शेंड्या लावत बसला. पारूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं हातापाया पडून पाठवलं, आणि यानं पोराला बघितलंसुद्धा नाही. तिनं कोट खुंटीवरून ओढला आणि खिसा उलटा करून झटकला.

दोन गुलाबी पास चुलीपुढे पडले. एक अर्धा फाडलेला होता, दुसरा अख्खा.