चाळीस इंची ओटा

"मापाशिवाय आमच्या फर्ममध्ये कुणी करवतीला हात लावत नाही," लुईस म्हणाला आणि अनंतरावांच्या नव्या कोचावर ऐटीत मागे रेलला. हा कोचही त्यानंच बनवलेला.

समोर विद्याधर आणि त्यांची बायको उत्तरा बसली होती. मुलुंडला बारा बिऱ्हाडांची नवी सोसायटी उभी राहत होती, विद्याधर तिचे सेक्रेटरी. बाराही स्वयंपाकघरांत उभ्यानं रांधायचे ओटे हवे होते. साकीनाक्याच्या शेडमध्ये दोन सुतार आणि एक गवंडी घेऊन धंदा मांडलेल्या लुईसला एवढं काम आजवर स्वप्नातसुद्धा दिसलं नव्हतं. म्हणून तर चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून, बुटांना पॉलिश मारून, स्वारी ह्या दोघांना घाटकोपरला आपल्या हातचं घर दाखवायला घेऊन आली होती.

घरमालक अनंतराव त्याच्याहून खुशीत.

"सबंध बिल्डिंगीत असा ओटा नाही, सांगतो! बायका बघायला येतात. आमची ही गावची, जन्मभर चुलीपुढं बसून धूर खाल्लेली. आता कशी मडमेसारखी उभी राहते!"

आत स्टो फरफरत होता. चहा होत होता.

"पण उंची कशी ठरवता?" उत्तरानं विचारलं.

हा तर लुईसच्या आवडीचा प्रश्न. "कोपरावरून! माणसाला ताठ उभं करायचं, हात असा दुमडायचा आणि कोपराच्या चार बोटं खाली ओटा. विलायती कॅटलॉगात दिलंय. कंबर म्हणून दुखायची नाही."

"खरंच घेतलं बरं का ह्यांनी माप!" अनंतराव उठलेच. सहा फुटांना दोन बोटं कमी, असा उंचापुरा माणूस. भिंतीला पाठ लावून त्यांनी हात दुमडून दाखवला. "हा असा उभा होतो मी. चाळीस इंच भरला ओटा!"

"चला, बघूच या," विद्याधर म्हणाले, आणि सगळे आत गेले.

अनंतरावांची बायको मालन ओट्यापुढं पाटांवर उभी होती. जेवायला बसायचे दोन पाट, एकावर एक रचलेले. पाहुण्यांना बघून ती चटकन खाली उतरली, पायानंच पाट बाजूला सारले आणि एवढीशी झाली. ओटा तिच्या छातीला आला. त्यावर स्टो, स्टोवर पातेलं, म्हणजे पातेलं थेट नाकासमोर. तेवढ्यात चहा उतू जायला लागला. ती टाचा उंचावून, दोन्ही हात वर करून, आत काय चाललंय ते न दिसताच पातेलं सांडशीनं उतरवायला लागली. बांगड्या खळखळत कोपराकडे घसरल्या. मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचे दोन डाग होते. एक जुना, काळपट. दुसरा अजून ओला.

लुईसनं ओट्याकडे बघितलं, मग बाजूला सारलेल्या पाटांकडे.

माप घेतलं त्या दिवशी ही कुठं होती? इथंच होती, आत. चहा करत होती. तो चहा त्यानं मिटक्या मारत प्यायला होता, रिकामा कप तिच्याच हातात परत दिला होता, आणि माप घेतलं होतं अनंतरावांचं, ज्यांनी जन्मात कधी स्टो पेटवला नव्हता. बोलणं त्यांच्याशी झालं होतं ना! परक्या बाईला हात दुमडून उभी राहा म्हणायचं कसं, म्हणून तिला बाहेरसुद्धा बोलावलं नव्हतं.

"अगं बाई, केवढं भाजलंय!" उत्तरा म्हणाली.

"कुठं काय!" मालननं पदर हातावर ओढला आणि ओशाळून हसली. "ओटा झकास आहे हो वहिनी. मीच बुटकी."

विद्याधरांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते ओट्याच्या काळ्या कडाप्प्यावरून हात फिरवत होते. "वा! मिस्टर लुईस, ठरलं आपलं. बाराच्या बारा ओटे तुमचे. हं, घ्या, माझंच माप घ्या." कोट काढून त्यांनी कोपर पुढं केलं.

लुईसनं खिशातून टेप काढली. नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश होता. वाटत होतं, खिडकीतून उडी टाकावी आणि पळत साकीनाका गाठावा. त्यानं टेप परत खिशात घातली.

"नको," तो म्हणाला. "हा ओटा चुकलाय. मी भलत्याच माणसाचं माप घेतलं. ह्यांना विचारलंच नाही."

"अहो लुईस, काहीतरीच काय!" अनंतराव म्हणाले.

"मालनबाई, उद्याच गवंडी आणतो. फोडून परत बांधून देतो."

"फोडू नका हो!" मालन घाबरलीच. "सवय होईल मला. होतेच आहे."

विद्याधरांनी कोपर हळूच खाली घेतलं आणि कोटाची बाही चढवली. "बरं... कमिटीशी बोलून कळवतो मग," म्हणाले आणि बायकोकडे बघायला लागले. उत्तरा वाकली होती. तिनं ते दोन्ही पाट ओढून मालनच्या पायांशी परत नीट रचून ठेवले.

मालन पाटांवर चढली. चहा गाळला. पहिला कप तिनं लुईसपुढं धरला. तो घ्यायला लुईसचा हात उठेना. त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, चहाच बिघडला असणार.

"साखर किती घेता," ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "ते विचारायचंच राहिलं बघा माझं."