तिसरा कॅमेरा

भर दुपारी देवपुरातल्या घरी नेट पार रडत होतं आणि दिपमालाची ऑफिसची मीटिंग तोंडावर आलेली. एवढं नेट खातंय तरी कोण, म्हणून तिने फोनवर वायफायची यादी उघडली. तिचा नवरा नवल पुण्याला नोकरीवर जायच्या आधी घरातल्या एकेका वस्तूला हौसेने नाव देऊन गेला होता.

सगळ्यात वर 'आईचा फोन'. तिला हसूच आलं. सासूबाईंचं खाली मोबाइलवर कीर्तन रंगलं असणार! त्याखाली 'कॅमेरा १' म्हणजे फाटकावरचा. 'कॅमेरा २' गच्चीवरचा.

आणि 'कॅमेरा ३'?

तिची नजर पलंगासमोरच्या घड्याळावर गेली. लग्नानंतर सासूबाईंनीच ते आणून लावून घेतलं होतं. "सेल बदलानी कटकटच नही, याले वायर शे," म्हणाल्या होत्या, आणि त्याचं बटण कधी बंद करू नको म्हणून दोनदा बजावलंही होतं.

दिपमाला पाय न वाजवता उठली. घड्याळाचं बटण तिने बंद केलं आणि यादी पुन्हा उघडली. 'कॅमेरा ३' नाहीसा झाला होता. डोक्यावरचा पंखा मात्र तसाच गरगरत होता.

तेवढ्यात जिन्याखालून सासूबाईंचा मायेने भिजलेला आवाज आला,



"काय वं दिपू, तुनी खोलीमा लाईट गई का?"