मुकी रांग

मशीनवर बसून गुणगुणल्याबद्दल आमच्या काजवाल्या काकूंना मेमो मिळाला. शर्टांना काजं करता करता गाणं ही त्यांची अठरा वर्षांची सवय. पण नवे साहेब म्हणाले, "हा कारखाना आहे, मैफल नाही." काकू गप्प झाल्या आणि आमची सगळी रांगच मुकी झाली. महिनाभरात एकीचं डोकं उठलं, दुसरीची पाठ धरली, तिसरीच्या बोटात सुई गेली.

मग ह्याच साहेबांनी आमचा ताण घालवायला गाणं शिकवणाऱ्या एक बाई आणल्या. सुट्टी झाल्यावर तासभर थांबायचं, हजेरी सक्तीची!

"मोकळ्या गळ्यानं गा," बाई म्हणाल्या. घरी पोरं वाट बघत होती, गातंय कोण? शेवटी बाईंनी हात टेकले. "बरं, निदान गृहपाठ तरी करा. ताण येईल तेव्हा, येईल तिथेच गायचं. लाजायचं नाही."

साहेबांनी जोरजोरात मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी साहेब नेहमीसारखे काचेच्या केबिनमधून फेरीला निघाले. ते आमच्या रांगेशी पोचले आणि काकूंनी खणखणीत सूर लावला. मागोमाग आम्ही चाळीसजणी.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

काकूंनी काजावरची नजरसुद्धा हलवली नाही. "गृहपाठ, साहेब. तुम्ही आत गेलात की थांबतो."