सहा नंबरच्या टेबलाची टीप

“काकू, तुम्ही घरीसुद्धा एवढं गोड बोलता का?”

प्रश्न मैत्रिणींनी पैज लावून विचारायला लावला होता. हॉटेलात ऑर्डर घ्यायला आलेल्या बाईला असं तोंडावर विचारायची छाती कोणाची होणार? तोफेची. वादविवाद स्पर्धेत कप पटकावल्यापासून वर्गात तिला सगळे तोफच म्हणत. चार दिवस घसा बसून कालच आवाज परत आला होता, अजून घोगरा होता, तरी तोफेने माघार घेऊन कसं चालेल? फक्त त्या दोन मैत्रिणींना, लंबूला आणि वाढदिवसवालीला, एक गोष्ट ठाऊक नव्हती. त्या काकू म्हणजे तोफेची सख्खी आई होती.

“छे गं,” काकूंनी पेन कानामागे खोचलं. “घरी कुठे कोण टीप देतं?”

दोघी मैत्रिणी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. तोफही हसली, पण तिच्या हसण्यात काही जीव नव्हता.

सकाळी तिनेच आईला बजावलं होतं. “वाढदिवसाची पार्टी नेमकी तुझ्याच हॉटेलात ठरलीय. ओळख दाखवू नकोस हं, प्लीज. शाळा नवीन आहे, उगाच कशाला.” आई “बरं” म्हणाली आणि तिने ते इतकं मनावर घेतलं, की दारात “या, बसा” म्हणताना तिची नजर तोफेवरून रिकाम्या खुर्चीवरून सरकावी तशी सरकली.

आणि बाकीच्यांवर नुसती माया! लंबूला म्हणे, “एवढंसं मागवून तुझं काय होणार गं?” वाढदिवसवालीला तर थेट ‘बाळा’. बाळा! जी बाई घरी आल्यावर “अभ्यास झाला का” यापलीकडे तोंड उघडत नाही, तिच्याकडे हा शब्द होता म्हणजे. कुठे लपवून ठेवला होता इतके दिवस?

वाढदिवसवाली सूपावर वाकली. आई चटकन पुढे झाली आणि तिने तिचे मोकळे केस कानामागे सारले. “सूपात जातील हं, बाळा.”

तोफेने वेणीचं रबर काढलं, केस मुद्दाम पुढे घेतले आणि नूडल्सवर वाकली. इतकी वाकली, की दोन बटा सॉसमध्ये बुडाल्या. मान वर केली तर आई चार नंबरच्या टेबलाशी हसत उभी.

बिल आलं. पैसे वाढदिवसवालीच्या बाबांनी आधीच देऊन ठेवले होते, टीप तेवढी पोरींनी ठरवायची होती.

“चांगल्या सर्व्हिसला दहा टक्के ठेवतात,” लंबू म्हणाली. “पण आपण पंधरा ठेवू या. कसल्या गोड आहेत त्या!”

“माझी आई अशी असती ना,” वाढदिवसवाली म्हणाली, “तर मी घराबाहेरच पडले नसते.”

“काही ठेवायचं नाही,” तोफ कडाडली.

“अगं, का?”

“चांगल्या सर्व्हिसला टीप, मग वाईट सर्व्हिसला काय? तुमच्या दोघींच्या ग्लासात बर्फ. आणि माझ्या? कोमट पाणी! दोनदा भरलं आणि दोन्ही वेळा कोमट. आता बोला.”

कप काही उगाच नव्हता मिळाला. मुद्दा बिनतोड होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बिलाच्या बशीत एक नाणं ठेवलं. अगदीच रिकामी दिसायला नको म्हणून.

आई मागेच उभी होती, हातात पाण्याचा जग घेऊन. तिने बशी उचलली, नाण्याकडे पाहिलं, आणि तिघींना सारखंच हसून म्हणाली, “थँक्यू. परत या.”

संध्याकाळी आई घरी आली. तिने चपला काढल्या, गरम पाण्याच्या टबात पाय सोडले आणि डोळे मिटले. बाबा तिच्या उद्याच्या एप्रनला इस्त्री करत होते. तोफ पुस्तक घेऊन दाराला टेकून उभी राहिली. बोलणी बसणार हे नक्की होतं, आणि तिच्याकडे उत्तराचे तीन मुद्दे तयार होते. ओळख दाखवू नकोस म्हटलं होतं, अनोळखी हो असं नव्हतं म्हटलं, हा पहिला.

“अभ्यास झाला का?” आईने डोळे न उघडता विचारलं.

“झाला.”

बाबांनी एप्रनची दुसरी बाजू वर घेतली.

“आणि घसा?” आई म्हणाली. “बर्फाचं काही प्यायली नाहीस ना मग?”

तोफेने पुस्तक मिटलं. तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

“बाबा, इस्त्री खाली ठेवा. आई, डोळे उघड. मी एक ठरवलंय.” आवाज मध्येच फाटला, पण तोफ थांबली नाही. “रविवारी मी तुझ्या हॉटेलात येणार. बक्षिसाचे पैसे आहेत माझ्याकडे. त्या दोघींनाही आणणार. सहा नंबरवर बसणार आणि ‘ए आई’ अशीच हाक मारणार, चार नंबरवाल्यांना ऐकू जाईल अशी. पाणी मला कोमटच पाहिजे. टीप किती ते मी एकटी ठरवणार. आणि सांगून ठेवते, मी केस मोकळे सोडून येणार आहे.”