सत्यवानाचे पाय

सत्यवान घाडी तिसऱ्या खेपेलाही घरी नव्हते.

"काजीच्या बागेत गेलेत," त्यांची बायको मथुरा म्हणाली. "बसा बाय. च्याय ठेवतंय."

जानकी ओटीवर बसली. ती सरकारी विमा कंपनीची माणूस. आजारपणाचा विमा नुकताच निघाला होता आणि गावोगावच्या वयस्कांना तो समजावून सांगणं हे तिचं काम होतं. सरकारी दवाखान्यात खाट फुकट मिळते; पण मोठं ऑपरेशन मुंबईलाच, आणि तिथल्या खर्चाला हा वरचा आधार. पहिल्या महिन्यात काही मिळत नाही. अंगात आधीपासून असलेल्या आजाराला तर कधीच मिळत नाही. हे शेवटचं ती दोनदा सांगायची.

मथुरेने पहिल्याच भेटीत ते तिसऱ्यांदा सांगायला लावलं होतं. शेजारच्या हौसाबाईच्या नवऱ्याला मुंबईला नेता आलं नाही, म्हणून तो गेल्या वर्षी वारला. आपल्या घरात तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मथुरेने ठरवलं होतं. विमा दोघांचाही हवा. पण आधी ह्यांचं बघा, माझं मागाहून, असं तिचं म्हणणं.

जानकीची एक रीत होती. आजाराचे प्रश्न ज्याचे त्यालाच, समोर बसवून विचारायचे. नवऱ्याच्या वतीने बायकोने सांगितलेलं ती लिहून घेत नसे. ज्याच्याविषयी तिला शंका येई, त्याला कंपनी डॉक्टरकडे पाठवी. बाकीच्यांचं तिच्या शब्दावर निभे.

मधल्या खोलीत भर दुपारी अंथरूण पसरलेलं होतं. कडुनिंबाच्या तेलाचा वास येत होता. मागीलदारी दोरीवर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या वाळत होत्या, उकळून उकळून रंग गेलेल्या. जानकीने मनाशी ताळा जुळवला. साठी उलटलेला माणूस आणि न भरणारी जखम. मधुमेह असणार, आणि जखम बहुधा पायाला.

मथुरेने एका हाताने कप पुढे केला. दुसरा पदरात होता.

"दुपारी झोपतात का ते?"

"दुपारचे आडवे पडनत नाय."

"गोड खातात?"

"गावला तर कोण सोडता?"

"आणि चालताना काही त्रास?"

मथुरा हसली. "ता तुमीच बघा. आठवड्यावर आमची गावपळण इली."

जानकीला गावपळण ठाऊक होती. देवाने कौल दिला की अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणूस तर नाहीच, कोंबडीसुद्धा मागे ठेवत नाहीत. बाळंतीण असो की अंथरुणाला खिळलेला म्हातारा, सगळ्यांना बाहेर आणतात. त्या दिवशी सत्यवान आत लपून राहूच शकत नव्हते. डॉक्टरच्या तपासणीपेक्षा ही तपासणी पक्की, असं जानकीला वाटलं.

सत्याऐंशी सालचा डिसेंबर होता. ठरल्या दिवशी ती सकाळच्या एसटीने येऊन वेशीवरच्या ओहोळाजवळ उभी राहिली. ढोल वाजला आणि गाव निघाला. पुढे गुरं, मागे माणसं. बायकांच्या डोक्यांवर हंडे, लाकडं, कुणाच्या कडेवर पोर. एका म्हातारीला खुर्चीत बसवून चौघांनी उचललं होतं.

मथुरेने आपल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. सत्यवानांच्या डोक्यावर तांदळाचं पोतं होतं, पाठीला चटया बांधल्या होत्या आणि हातात कोंबड्यांची डालगी होती. ते अनवाणी होते आणि सरळ चालत होते. मथुरा त्यांच्या बाजूने रिकाम्या हातांनी येत होती.

"घोव बरो गावलो गो तुका, मथुरे," मागून हौसाबाई म्हणाली. "बैल पोसूचो खर्च वाचलो."

आजूबाजूच्या बायका हसल्या. सत्यवानही हसले.

ओहोळापलीकडे त्यांनी ओझं उतरवलं आणि पाण्यात उतरून पाय धुतले. जानकी पाहत राहिली. टाचांना भेगा होत्या, शेतात राबणाऱ्या कुणाच्याही असतात तशा. बोटं आणि तळवे धड होते.

तिने त्यांना माडाच्या झापांच्या मांडवाखाली बसवून सगळं विचारलं. तहान फार लागते का, दम लागतो का, रात्री उठावं लागतं का. नाही, नाही आणि नाही. कुठे जखम, असं विचारल्यावर त्यांनी दोन्ही पाय तिच्यापुढे केले.

"बगा. सकाळधरना तुमी थंयच बघतास."

जानकी ओशाळली. एवढे दिवस ही बाई खरंच सांगत होती आणि आपण तिच्या दोरीवरच्या चिंध्या मोजत होतो. मथुरेची पाळी आली तेव्हा जानकीला वर बघवेना. मथुरा मांडवाच्या मेढीला टेकून बसली होती, कपाळावरचा घाम पुसत.

"तुम्हाला आता काय विचारायचं, मावशी," जानकी म्हणाली. तिने सगळ्या प्रश्नांपुढे स्वतःच 'नाही' लिहिलं आणि मथुरेची सही घेतली. डॉक्टरकडे दोघांनाही जावं लागणार नाही, असं सांगून ती दुपारच्या गाडीने मालवणला गेली.

गाडीची धूळ बसेपर्यंत सत्यवान रस्त्याकडे बघत होते. मग मांडवाखाली येऊन ते मथुरेजवळ टेकले.

"तुका काय इचारल्यानी?"

"काय्येक नाय." मथुरेने पदराआड हात घालून लुगड्याची पट्टी सारखी केली. "म्हयन्याभरान विमो सुरू होतलो. तवसर माका तगूक व्हया."