चिपने खरं सांगितलं

"बाई, तुम्हाला पेनड्राइव्ह वापरता येत नाही," म्हणून दुकानदार खटावकर हेमलताला चारचौघांत हसला होता. तिच्या वारलेल्या आईच्या भारुडांचं एकमेव रेकॉर्डिंग त्याच्याकडून घेतलेल्या पेनड्राइव्हमध्ये नष्ट झालं होतं.

सहा महिने खपून ती पेनड्राइव्ह उघडून तपासायला शिकली. ऐन दसऱ्याच्या गर्दीत तिने त्याच्याकडूनच चौसष्ट जीबीचा नवा पेनड्राइव्ह घेतला आणि काउंटरवरच त्याचं कवच सोललं. आतल्या कंट्रोलर चिपवरचा नंबर भिंगातून वाचून तिने लॅपटॉपवर खरं वदवून घेतलं.

"माल आठ जीबीचा! चिपला चौसष्ट सांगायला शिकवलंय! आठच्या पुढे भरलेलं सगळं नष्ट!"

गिऱ्हाइकं आपापले पेनड्राइव्ह काढू लागली. खटावकरने हात जोडले. "ताई, आत बसून मिटवू."

"इथेच," म्हणत तिने पुढच्या गिऱ्हाइकाचा सोलला.

दुपारी शटर खाली आलं. आता रडू फुटेल, असं तिला वाटलं होतं. पण तिला कडकडून भूक लागली होती.